ट्रंकेतला दोन डोळ्यांचा कॅमेरा

 

मागच्या भाषणात आपण सोनं गहाण ठेवताना पावती कशी वाचून घ्यायची ते बोललो होतो. आजचा विषय त्याच्याच जवळचा आहे, पण वस्तू वेगळी आहे. आज आपण जुन्या कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. मोबाईलमधला नाही, रोल घालायचा कॅमेरा. त्यातही तो उभा, चौकोनी, समोर एकावर एक दोन भिंगं असलेला. आपल्याकडं कुणी त्याला दोन डोळ्यांचा कॅमेरा म्हणतं, कुणी याशिका म्हणतं, कुणी नुसतंच 'स्टुडिओचा कॅमेरा' म्हणतं.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात असलं काही नाही. पण जरा आठवून बघा. दीर, चुलत सासरे, मामा, कुणीतरी फोटोग्राफर होतं का? सातारा, कराड, विटा, सांगली, मिरज, तासगाव, सगळ्या बाजारपेठांत फोटो स्टुडिओ होते. पुसेगावच्या, म्हसवडच्या, खरसुंडीच्या जत्रेत रंगवलेले पडदे लावून फोटोवाले बसायचे. मागं ताजमहाल नाहीतर विमान, पुढं लाकडी खुर्ची. त्यातल्या कितीतरी जणांच्या हातात हा दोन डोळ्यांचा कॅमेरा असायचा. रंगीत रोल आणि छोटे कॅमेरे आले, मग डिजिटल आले, मग मोबाईल आला. स्टुडिओ बंद पडले. कॅमेरे माळ्यावर गेले, ट्रंकेत गेले. आणि आता जुन्या वस्तू घेणारी माणसं गावोगाव विचारत फिरतात, पितळेची भांडी आहेत का, जुना रेडिओ आहे का, जुना कॅमेरा आहे का.

असाच एक माणूस सांगलीकडच्या आमच्या एका काकूंच्या दारात आला. काकू कृष्णाकाठच्या. त्यांच्या मालकांचा बाजारपेठेत स्टुडिओ होता, तीस-पस्तीस वर्षं चालला. मालक वारले, गाळा सोडला, सामान घरी आलं. दोन कॅमेरे, एक स्टँड, आणि निगेटिव्हनं भरलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका. आलेला माणूस म्हणाला, सगळं मिळून एकच रक्कम देतो, ट्रंकांसकट उचलतो, घर मोकळं होईल. मुलगा म्हणाला, देऊन टाकू. दीर म्हणाले, भंगाराला एवढे कोण देतंय. दोघंही वाईट नाहीत बरं का, घरच्या भल्याचंच बोलत होते. पण काकू बैठकीत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "किंमत ठरली, गाडी कधी येणार ते ठरलं, पर मला कुणी इचारलंच न्हाई."

आम्ही सगळ्यांनी मिळून एकच सल्ला दिला. काकू, नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. एक महिना मागून घ्या. तेवढ्या दिवसांत आपण बघू की ट्रंकेत नेमकं आहे काय. त्या महिन्यात जे शिकलो तेच आज सांगतो.

आधी हा कॅमेरा चालतो कसा ते बघू. त्याचे दोन डोळे म्हणजे दोन भिंगं, म्हणजेच लेन्स. वरचं भिंग आपल्याला बघायला, खालचं भिंग फोटो काढायला. वरच्या भिंगातून आलेला उजेड आतल्या तिरक्या आरशावर पडतो आणि वर काचेवर चित्र उमटतं. वरचं झाकण उघडलं की चारी बाजूंनी पत्रे उभे राहतात आणि काचेवर सावली धरतात. आपण कॅमेरा पोटाजवळ धरून खाली मान घालून त्या काचेत बघायचं. चित्र सरळ उभं दिसतं, पण डावं-उजवं उलटं. पोरगं डावीकडं पळालं की काचेत ते उजवीकडं पळतं. सवय होईपर्यंत हसू येतं.

खालच्या भिंगात शटर असतं, पापणीसारखं. कळ दाबली की पापणी क्षणभर उघडते आणि मिटते. आवाज अगदी हळू, टिक् एवढाच. आत जो रोल लागतो त्याला १२० चा रोल म्हणतात. १९०१ साली निघालेला हा रोल आजही बनतो. एका रोलवर बारा फोटो निघतात, प्रत्येक फोटो चौरस. निगेटिव्ह साधारण साडेपाच सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद. नंतरच्या छोट्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळानं साडेतीन पटीहून मोठी. म्हणून तर जुन्या फोटोत साडीच्या काठाची नक्षी, कपाळावरचं गोंदण, सगळं स्वच्छ दिसतं.

या कॅमेऱ्याचा एक गुण आम्हाला फार आवडला. फोटो काढणाऱ्याचं तोंड कॅमेऱ्यामागं लपत नाही. तो खाली बघतो, मध्येच मान वर करून बोलतो. समोरच्या बाईवर कुणी काही रोखलंय असं वाटत नाही. आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर असल्यामुळं ओट्यावर बसलेल्या आजीच्या तो बरोबर डोळ्यांसमोर येतो. वरून खाली बघून काढलेला फोटो नसतो तो.

आता काकूंचे दोन कॅमेरे. पहिलं काम, नाव वाचायचं. नाव वरच्या भिंगाच्या वर कोरलेलं असतं आणि भिंगाच्या कडेलाही अक्षरं-आकडे असतात. इंग्रजी वाचता येणाऱ्या नातीला बोलवा. ही नावं कानावर असू द्या.

रोलीफ्लेक्स हा या घराण्यातला थोरला. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके या कंपनीनं तो १९२९ साली बाजारात आणला. बाजूला दुमडणारा हँडल असतो, तो फिरवला की रोल पुढं सरकतो. त्याच कंपनीचा रोलीकॉर्ड १९३३ पासून आला. तो थोडा स्वस्त, हँडलऐवजी गोल बटण फिरवायचं, पण काम पक्कं. मग जपानचा याशिका. त्यात पुष्कळ प्रकार आहेत. ६३५ नावाच्या प्रकारात १२० चा रोलही चालतो आणि जोडसामान असेल तर छोटा रोलही. याशिकामॅट १२४ जी हा १९७० पासून १९८६ पर्यंत बनला. जपानचाच ममिया, तो वजनदार, पण त्याची भिंगांची जोडी काढून दुसरी लावता येते. चीनचा सीगल आणि रशियाचा ल्युबिटेल हे साधे आणि स्वस्तातले. ल्युबिटेल हातात घेतला की प्लास्टिकच्या खेळण्यासारखा हलका लागतो.

सगळ्यांना एकच भाव नसतो, हे एवढ्यावरूनच कळेल. काकूंकडं एक रोलीकॉर्ड निघाला आणि एक याशिका ६३५. 'दोन जुने कॅमेरे' असं म्हणून जो भाव सांगितला होता, त्यात ही नावंच नव्हती.

नाव कळलं की तब्येत बघायची. गाय घेताना आपण दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो. तसंच इथं. घरातला कॅमेरा विकायचा असो की बाजारातून एखादा घ्यायचा असो, तपासणी हीच.

एक, भिंग. मागचं दार उघडा. शटर उघडं ठेवायची सोय असते, कड्यावर 'बी' असं अक्षर असतं. त्यावर ठेवून कळ दाबून धरा आणि मागून बॅटरीचा उजेड टाका. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. धुकं धरल्यासारखं दिसलं तर तेही लिहून ठेवा. चारदोन धुळीचे कण असतील तर घाबरू नका, त्यानं फोटो बिघडत नाही.

दोन, शटर. कड्यावर आकडे असतात. १ म्हणजे एक सेकंद, २ म्हणजे अर्धा, पुढं ५००पर्यंत. एक सेकंदावर ठेवून कळ दाबा आणि कान द्या. आतून घड्याळासारखी बारीक घरघर येऊन पापणी मिटली पाहिजे. अडकली, उघडीच राहिली, तर आतलं वंगण घट्ट झालंय. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत हळू वेगच आधी अडकतात. जाणकार मेकॅनिक साफ करून देतो, पण तो खर्च भावातून वजा होणार.

तीन, बाजूचं बटण फिरवून बघा. दोन्ही भिंगं एकाच वेळी, एकाच पातळीत पुढं-मागं झाली पाहिजेत. वाकडी सरकत असतील तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे.

चार, वरची काच आणि आरसा. आरसा काळवंडला असेल तर चित्र अंधुक दिसतं. पण आरसा फक्त बघण्यासाठी आहे, फोटोवर त्याचा परिणाम नाही. विकत घेणारा यावरून भाव फार पाडायला लागला तर हे सांगा.

पाच, मागचं दार घट्ट बसतंय का, आणि रोल पुढं सरकवायचं बटण किंवा हँडल अडखळत नाही ना.

सहा, उजेड मोजायचा काटा काही कॅमेऱ्यांत असतो. तो बहुधा मेलेला असतो. १२४ जीला लागणारा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. त्यावाचून काही अडत नाही, ते पुढं सांगतो.

आणि दोन गोष्टी अजिबात करू नका. शटरजवळ 'व्ही' अक्षराची एक बारीक दांडी असते, आपोआप फोटो निघायची. तिला हात लावू नका, जुन्या कॅमेऱ्यात तिथंच सगळं यंत्र अडकून बसतं. आणि भिंग पदरानं पुसू नका. पदराला धूळ असते, ओरखडे पडतात.

काकूंच्या रोलीकॉर्डमध्ये बुरशीचे दोन धागे निघाले, शटर ठीक होतं. याशिकाची भिंगं स्वच्छ, पण एक सेकंदाचा वेग अडकत होता. आम्ही सगळं वहीत लिहिलं, फोटो काढले आणि तीन ठिकाणी भाव विचारला. लपवलं काही नाही, बुरशी आहे तर आहे असंच सांगितलं. एकट्या रोलीकॉर्डला जो भाव आला, तो त्या माणसानं सगळ्या सामानाला मिळून सांगितलेल्या रकमेपेक्षा जास्त होता. काकूंनी तो विकला. पैसे काकूंच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाले. याशिका त्यांनी ठेवला. का, असं दिरांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "मी वापरनार हाय."

आता वापरायचा म्हणजे खर्च किती ते आधीच बघा. एक रोल शेकड्यांत जातो, रंगीत असेल तर हजाराच्या आसपास. धुवायला तो शहरात पाठवावा लागतो. समजा रोल, धुणं आणि टपाल मिळून १२०० रुपये झाले, तर बारा फोटोंच्या हिशेबानं एक फोटो १०० रुपयांना पडला. मोबाईलवर फुकट निघतो. म्हणून कुणी हौसेपोटी कर्ज काढून असा कॅमेरा घेऊ नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. घरात असेल, चालत असेल, तर वर्षातून दोन रोल काढायला हरकत नाही. घ्यायचाच असेल तर ज्याचं शटर चालतं आणि भिंग स्वच्छ आहे तो घ्या, नाव लहान असलं तरी चालेल. मोठ्या नावाचा बिघडलेला कॅमेरा म्हणजे दारात हत्ती बांधणं.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. डब्यावर फिल्मचा वेग लिहिलेला असतो. तो १०० असेल तर शटर १०० किंवा १२५ वर ठेवा. भर उन्हात भिंगाचा आकडा १६. ढगाळ दिवशी ८. ओसरीच्या सावलीत ४. जवळून फोटो घेताना डोक्यावर थोडी जागा मोकळी सोडा, कारण वरचा डोळा जे दाखवतो त्याच्या थोडं खालचं खालचा डोळा टिपतो. नाहीतर डोक्यावरचा पदर कापला जातो. एवढ्यावर काम भागतं.

पण मैत्रिणींनो, कॅमेऱ्यापेक्षा मोठी गोष्ट अजून ट्रंकेतच आहे. निगेटिव्ह. कॅमेरे जगात पुष्कळ आहेत. बुरशी लागलेला गेला तर दुसरा मिळेल. पण आपल्या गावची निगेटिव्ह दुसरीकडं कुठंच नसते.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात व्हिव्हियन मायर नावाच्या एक बाई होत्या. लोकांच्या घरी मुलं सांभाळायचं काम करायच्या. गळ्यात रोलीफ्लेक्स, आणि सुट्टी मिळाली की रस्त्यावरच्या माणसांचे फोटो. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह त्यांनी काढल्या आणि कुणाला फारशा दाखवल्या नाहीत. म्हातारपणी सामान भाड्याच्या गोदामात होतं. भाडं थकलं आणि २००७ साली ती खोकी लिलावात गेली. २००९ साली बाई वारल्या. त्यानंतर त्यांचे फोटो जगभर गाजले, पुस्तकं निघाली, प्रदर्शनं भरली. बाईंना त्यातला एक पैसा मिळाला नाही आणि मानही मिळाला नाही. ट्रंकांसकट उचलतो असं कुणी म्हणालं की आम्हाला त्या खोक्यांची आठवण होते.

आणि आपल्या देशातल्या होमाई व्यारावाला. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात. १९१३ साली नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. फोटो काढायला शिकल्या त्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढं त्यांचं लग्न झालं. १९४२ पासून दिल्लीत काम केलं. साडी नेसून सायकलवरून जायच्या, बरोबर रोलीफ्लेक्स. स्वातंत्र्यानंतर लाल किल्ल्यावर फडकलेला झेंडा त्यांनी टिपला, गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. १९७० साली त्यांनी काम थांबवलं. २०११ साली पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ साली त्या गेल्या. एवढ्या मोठ्या बाई, पण सुरुवातीला त्यांनी काढलेले काही फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं.

हे वाचलं आणि आम्ही काकूंच्या मालकांची स्टुडिओची वही उघडली. मालकांचं अक्षर सुंदर, नोंद चोख. पाकिटाचा नंबर, तारीख, किती कॉप्या, किती पैसे. पण नावं? पुरुषांची नावं पूर्ण, आडनावासकट. बायकांच्या पुढं लिहिलेलं होतं, 'पाटलांची सून', 'मास्तरांच्या घरातून', 'सौ.' आणि पुढं नवऱ्याचं नाव. मालकांचा दोष नाही, तेव्हा सगळेच तसं लिहीत. फोटोत चेहरा बाईचा, वहीत नाव दुसऱ्याचं.

मग आम्ही ठरवलं की निगेटिव्ह बघायच्या आणि नावं लिहायची. दर गुरुवारी दुपारी दोन तास. त्यासाठी लागलं काय? एका मोबाईलचा पडदा पूर्ण पांढरा करून ठेवायचा. त्यावर दोन काड्या ठेवून स्वच्छ काच, काचेवर निगेटिव्ह. वरून दुसऱ्या मोबाईलनं फोटो घ्यायचा. काळ्याचं पांढरं करायची सोय बऱ्याच मोबाईलमध्ये असते, नसली तर कॉलेजला जाणारी पोरं करून देतात. निगेटिव्ह कडेला धरायची, मधे बोट लावायचं नाही.

एका गुरुवारी एक पाकीट निघालं. वहीत नोंद एवढीच, 'मुली ४, जत्रा, कॉपी १'. काच पांढरी झाली आणि विमानाच्या पडद्यापुढं चार मुली उभ्या राहिल्या. सोळा-सतरा वर्षांच्या, एकमेकींच्या खांद्यावर हात. शेजारच्या आळीतल्या आजी आमच्यात येऊन बसतात, त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, दुसरी मी. घरी न सांगता चौघींनी पैसे काढून फोटो काढला होता. एकच कॉपी, ती चौघींत फिरायची. शेवटी ती आजींकडं आली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा भिंतीवरच्या सगळ्या फोटोंबरोबर गेली. त्या चौघींतल्या दोघी आता नाहीत. आजींनी चारही नावं सांगितली, माहेरच्या आडनावासकट. आम्ही ती पाकिटावर लिहिली. त्यातल्या एकीची नात इस्लामपूरला असते. तिनं आजीला तरुणपणी कधी बघितलंच नव्हतं, तिच्या घरात आजीचा फोटो होता तो म्हातारपणी कागदपत्रांसाठी काढलेला. तिला कॉपी पाठवली.

त्या ट्रंका गाडीत गेल्या असत्या तर? घेणाऱ्याला त्या चार मुली कोण होत्या हे कधीच कळलं नसतं, आणि आजींना फोटो परत मिळाला नसता. सगळ्या वाड्यांचं मिळून आतापर्यंत एका ट्रंकेचं अर्धंच काम झालंय. नावं सांगू शकणाऱ्या आजी वर्षागणिक कमी होतायत. म्हणून घाई आहे.

एक नियम मात्र आम्ही पाळतो. फोटोतली बाई किंवा तिच्या घरचं माणूस हो म्हणेपर्यंत तो फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. काही फोटो लग्न जुळवायला काढलेले असतात आणि ते लग्न झालेलं नसतं. काहींच्या मागं दुःख असतं. ज्याचा चेहरा, त्याची परवानगी.

आता जपणूक. आपल्या दोन जिल्ह्यांत हवा सारखी नाही. माण, खटाव, आटपाडी, जत इकडं धूळ. तिथं कॅमेरा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि कृष्णा-वारणेच्या काठी ओल. तिथं शत्रू बुरशी. कॅमेरा त्याच्या चामड्याच्या पाकिटात बंद करून ठेवू नका, चामडं ओल धरतं. झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. तांदळात पुरून ठेवू नका, तांदळाची भुकटी आत जाते. महिन्यातून एकदा बाहेर काढून उजेड-वारा दाखवा आणि शटर चार वेळा चालवा. निगेटिव्ह कागदी पाकिटात ठेवा, रबर लावू नका, पाकिटावर पेन्सिलीनं लिहा. एखाद्या पाकिटाला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि त्याचा फोटो आधी काढून घ्या, ती फिल्म खराब व्हायला लागली आहे.

पुराच्या गावांत ट्रंक माळ्यावरच ठेवा. काकूंच्या ट्रंका २०१९ ला वाचल्या त्या माळ्यावर होत्या म्हणून. आणि फोटो किंवा निगेटिव्ह भिजल्याच, तर एकमेकींना चिकटलेल्या ओढून काढू नका. स्वच्छ थंड पाण्यात सोडा, आपोआप सुटतात. चित्राच्या बाजूला बोट लावू नका. चिखल पाण्यातच हलवून जाऊ द्या. मग सावलीत दोरीला कडेनं चिमटे लावून वाळवा, उन्हात नको. हे काम दोन दिवसांच्या आत झालं पाहिजे. भिजलेली थप्पी तशीच वाळली की तिची वीट होते.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम सांगतो. घरात, माहेरी, शेजारी जुना कॅमेरा किंवा निगेटिव्हची पेटी आहे का ते विचारा. असेल तर नाव आणि तब्येत वहीत लिहा. विकायचं की ठेवायचं हे ज्या बाईचं ते आहे, तिला विचारून ठरू द्या. विकायचं ठरलं तर कॅमेऱ्याचा भाव वेगळा, निगेटिव्हचा विचार वेगळा. दोन्ही एका गाडीत टाकू नका. आणि कपाटातले घरचे फोटो काढून मागं पेन्सिलीनं नावं लिहा. 'आई' असं नको, 'सासूबाई' असं नको. त्यांचं स्वतःचं नाव.

काकूंचा याशिका साफ होऊन आला आहे. पहिल्या रोलचे बारा फोटो कुणाचे काढायचे, यावर गेल्या बैठकीत पाऊण तास वाद झाला. शेवटी ठरलं की ज्यांचा कागदपत्राशिवाय दुसरा एकही फोटो नाही, अशा बारा बायका. यादी चालू आहे. तुमच्या वाडीत अशी कुणी असेल तर गटाच्या ताईंकडं नाव कळवा.

पुढच्या वेळी आपण सातबारावर बाईचं नाव कसं लावतात ते बघू. तोवर नमस्कार.